फाउंडेशन, जीडी आर्ट, एटीडी: आर्टच्या डिप्लोमाबद्दल सारखे येणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझा इनबॉक्स भरतो, "ताई जेजेला जायचंय काय करू", "मुलगी छान चित्रं काढते पण पुढे काय", "डिप्लोमा करू की बीएफए". (जेजे म्हणजे मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बीएफए म्हणजे फाइन आर्टची डिग्री.) दर वेळी तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. नियम आणि तारखा दर वर्षी थोड्या हलतात, त्यासाठी कला संचालनालयाचं त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडून बघायचंच, ते काम माझ्यावर ढकलू नका.

फाउंडेशन, जीडी आर्ट, एटीडी, एएम... हे नक्की काय काय आहे?

महाराष्ट्रात आर्टचे सरकारमान्य डिप्लोमा कोर्स कला संचालनालयाच्या मान्यतेने चालतात, हे संचालनालय १९६५ पासूनचं. पहिलं वर्ष म्हणजे फाउंडेशन, त्यात सगळ्यांना सगळं थोडं थोडं: ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी, टूडी डिझाईन, थ्रीडी डिझाईन, लेटरिंग, प्रिंटमेकिंग, भूमिती. मग शाखा निवडायची. ड्रॉइंग अँड पेंटिंग, अप्लाइड म्हणजे उपयोजित कला, किंवा शिल्पकला. पेंटिंग आणि अप्लाइडचं गणित फाउंडेशन धरून पाच वर्षांचं, आणि शेवटी हातात येतो तो जीडी आर्ट, म्हणजे गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन आर्ट.

एटीडी वेगळं. ते कला शिक्षक पदविका, दोन वर्षांचं, शाळेत ड्रॉइंग टीचर व्हायचं असेल तर. डिप.ए.एड. (डिप्लोमा इन आर्ट एज्युकेशन) आणि एएम (आर्ट मास्टर) ही त्याच शिक्षकी लाइनीतली पुढची पायरी. दर वर्षी कुणीतरी दोन वर्षांत होतंय म्हणून एटीडीला ऍडमिशन घेतं आणि मग विचारतं की ऍड एजन्सीत घेतील का. अरे, त्यात पाठ घ्यायला शिकवतात, वर्गासमोर उभं राहायला शिकवतात, कॅम्पेन करायला नाही शिकवत.

जेजेला डिप्लोमा आहे का?

जेजे म्हटलं की लोकांना डिप्लोमाच आठवतो कारण आधीच्या पिढ्यांनी तिथून तोच केला. आता तिथला मुख्य कोर्स डिग्रीचा आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले त्यातून १८५७ मध्ये स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, अप्लाइड १९५८ मध्ये वेगळं झालं, आणि २०२३ मध्ये जेजेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथली ऍडमिशनची माहिती तिथूनच घ्यायची, दोन वर्षांपूर्वीच्या सिनिअरकडून नाही.

राज्यातल्या बाकी कॉलेजांत बीएफए करायचं असेल तर सीईटी आहे. त्यात ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, डिझाईन आणि एक जनरल नॉलेजचा पेपर. बघितलंत ना, शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचेच मोठे भाऊ आहेत सगळे.

मग डिप्लोमा म्हणजे डिग्रीपेक्षा कमीच ना?

हातातल्या कामाच्या बाबतीत अजिबात नाही. ज्यांची नावं आज मोठे चित्रकार म्हणून घेतात त्या गायतोंडेंनी १९४८ मध्ये जेजेतून डिप्लोमाच घेतला होता, तय्यब मेहतांनी १९५२ मध्ये. अहमदाबादची एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन, जिच्यासाठी आज मुलं लाखोंचे क्लास लावतात, तीसुद्धा कितीतरी वर्षं डिप्लोमाच देत होती, २०१४ चा कायदा आल्यावर डिग्री देण्याचा मार्ग मोकळा झाला. आणि स्टुडिओत किंवा एजन्सीत इंटरव्ह्यूला गेलात तर आधी पोर्टफोलिओ उघडतात, मार्कलिस्ट कुणी बघितलीच तर शेवटी एचआरवाला बघतो.

पण कागदाच्या बाबतीत फरक पडतो, आणि हे ऍडमिशनच्या वेळी कुणी स्पष्ट सांगत नाही म्हणून सांगते. जीडी आर्ट ही पदवी नाही. एमपीएससी, बँक, जिथे जिथे "कोणत्याही शाखेची पदवी" लिहिलेलं असतं तिथे ती चालत नाही. एमएफए, म्हणजे फाइन आर्टची मास्टर्स, करून कॉलेजात शिकवायचं असेल तरी डिग्री लागते. त्यामुळे मी डिप्लोमावाल्यांना सांगते की सोबत नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करून टाका. फी फार नाही, अभ्यास झेपतो, आणि पाच वर्षांनी डोकं बदललं तर दार उघडं राहतं. डोकं बदलतं, मी कितीतरी मुलांचं बदलताना बघितलंय.

उलट बाजूही आहे. केंद्रीय विद्यालयाच्या कला शिक्षकाच्या २०२२ च्या भरतीत पाच वर्षांचा मान्यताप्राप्त डिप्लोमा थेट चालत होता, ड्रॉइंग-पेंटिंग, शिल्प किंवा ग्राफिक आर्टमधला. तिथे जीडी आर्टवाल्याला मान ताठ करून अर्ज करता आला. हिंदी-इंग्रजी कामापुरतं यायला हवं होतं फक्त.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली नाही. संपलं का?

संपलं कसलं. पण दिलेली असेल तर बरं, आणि अजून शाळेत असाल तर द्याच. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन, इंटरमिजिएटला स्थिरचित्र आणि घनभूमिती वाढते. इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला जादा मार्क मिळतात, ए ला ७, बी ला ५, सी ला ३. बहुतेक घरांत ही परीक्षा त्या मार्कांसाठीच दिली जाते हे मला माहितीये, पण त्या निमित्ताने का होईना समोर कळशी आणि दोन वांगी ठेवून तीन तास पोरगं बसतं हे काय कमी आहे.

माझं ड्रॉइंग भारी आहे, सगळे म्हणतात, इन्स्टावर लाइक पण येतात. फाउंडेशनला मग नवीन काय शिकवणार?

बघायला.

खरंच सांगते. फोटोवरून विराट कोहलीचं पेन्सिल पोर्ट्रेट सुंदर काढणारी मुलं पहिल्याच आठवड्यात ऑब्जेक्ट ड्रॉइंगला अडकतात. फोटोत तिसरी मिती आधीच चपटी करून दिलेली असते, तुम्ही फक्त इकडचं तिकडे उतरवता. समोर खरी बादली ठेवली की तिचं वरचं तोंड किती चपटं दिसतंय आणि तळाचा गोल त्यापेक्षा किती जास्त गोल, हे डोळ्याने ठरवावं लागतं. आणि तुम्ही डाँकीवरून, म्हणजे त्या बसायच्या लाकडी बाकावरून, जरा सरकलात की सगळं बदलतं. सर येतात, मागे उभे राहतात, काही बोलत नाहीत, नुसती पेन्सिल आडवी धरून एक डोळा मिटतात आणि निघून जातात, आणि तुम्हाला कळतं की बादली सगळी तिरकी गेलीये.

मेमरी ड्रॉइंग त्याच्याही पुढचं. "एसटी स्टँडवरची गर्दी" असा विषय दिला की निम्मा वर्ग गुगलसाठी खिशात हात घालतो. रोज ज्या स्टँडवरून येतात तिथला कंडक्टर बॅग कुठल्या खांद्याला लावतो हे आठवत नाही. मग पुढचा महिनाभर स्केचबुक घेऊन स्टँडवर, मंडईत, घाटावर. कोल्हापूरची मुलं पंचगंगेच्या घाटावर, नाशिकची गोदावरीवर, मुंबईची बाणगंगेला आणि सीएसएमटीच्या बाकांवर. एखादे काका मागे येऊन "माझं काढ की" म्हणतात, ते चालवून घ्यायचं, फुकटचा मॉडेल मिळतो.

पुढच्या वर्षांत हेड स्टडी, मग फुल फिगर, कॉम्पोझिशन, लँडस्केप. अप्लाइडला लेटरिंग, टायपोग्राफी, इलस्ट्रेशन, पोस्टर, पॅकेजिंग, फोटोग्राफी, आणि शेवटी एक अख्खं कॅम्पेन. पण पाया त्या तिरक्या बादलीचाच.

म्हणजे ड्रॉइंग येत नसलेल्याने येऊच नये?

यावं. रोज दहा वाईट स्केचेस करायची तयारी असेल तर यावं. वर्गातलं सगळ्यात कच्चं पोरगं तिसऱ्या वर्षी सगळ्यात पुढे असं दर बॅचला एखादं तरी होतं, कारण त्याला लाइकची सवय नसते, त्यामुळे सरांनी खोडलं की राग येत नाही.

ऍडमिशन नाकारली गेली. मी टॅलेंटेड नाही का?

आर. के. लक्ष्मण यांना जेजेने घेतलं नव्हतं. बास, यापुढे काय लिहू. पुढच्या वर्षी परत फॉर्म भर, तोवर दुसऱ्या कॉलेजात फाउंडेशन कर.

कॉलेज कसं निवडायचं?

इथे जरा सविस्तर लिहिते कारण पैसा आणि वर्षं दोन्ही इथेच बुडतात.

पहिलं, मान्यता. "डिप्लोमा इन आर्ट अँड डिझाईन" असा बोर्ड कुणीही लावू शकतो, मॉलच्या वरच्या मजल्यावर एसी क्लासरूम, काचेची केबिन, काउन्सेलर गोड बोलते. विचारायचं एकच, परीक्षा कोण घेतं आणि सर्टिफिकेटवर सही कुणाची असते. कला संचालनालयाची मान्यता आहे की एखाद्या विद्यापीठाची, की फक्त त्यांच्या स्वतःच्या कंपनीची? स्वतःचीच असेल तर तो डिप्लोमा वाईटच असं नाही, स्किल शिकवतही असतील, पण सरकारी नोकरीत तो दाखवता येणार नाही आणि त्याची फी डिग्रीपेक्षा जास्त असेल तर मला तरी पटत नाही.

दुसरं, कॉलेज बघायला वर्किंग डेला जा, दुपारी दोन वाजता. ऍडमिशनच्या दिवशी सगळी कॉलेजं छान दिसतात. दुपारी दोनला वर्गात किती मुलं बसून काम करतायत, सर वर्गात आहेत की ऑफिसात, भिंतीवरची कामं या वर्षीची आहेत की पिवळी पडलेली, मॉडेल बसतं का, प्रिंटमेकिंगचा प्रेस चालतो का त्यावर चहाचे कप ठेवलेत. अर्ध्या तासात कळतं. नाव मोठं असलेलं पण वर्ग रिकामे असलेलं कॉलेज आणि तालुक्याच्या गावातलं पण सर संध्याकाळी सातपर्यंत थांबणारं कॉलेज, यात मी डोळे झाकून दुसरं निवडेन. आर्टमध्ये तुमच्या बोर्डामागे कोण उभं राहतं यावरच सगळं असतं.

तिसरं, वार्षिक प्रदर्शन. ते बघायला कुणालाही जाता येतं. फक्त बक्षिसाची कामं बघू नका, कोपऱ्यातली बघा, सरासरी मुलाचं काम कसंय त्यावरून कॉलेज कळतं.

कोकणातल्यांनी सावर्ड्याचं सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट बघावं, पुण्याकडच्यांना अभिनव कला महाविद्यालय माहीत असतंच, कोल्हापुरात दळवीज आणि कलानिकेतन, मुंबईत बांद्र्याला रहेजा. सरकारी हवं तर मुंबईबाहेर नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. गोव्याच्या मुलांसाठी पणजीला आल्तिनोवरचं गोवा कॉलेज ऑफ आर्ट आहे, १९७२ पासूनचं, पण तिथे बीएफए, गोवा विद्यापीठाचं.

खर्च किती येतो?

फी कॉलेजप्रमाणे, सरकारी आणि विनाअनुदानित यात जमीन-अस्मानाचा फरक. पण लोक फी मोजतात आणि मटेरियल विसरतात. कार्ट्रिज पेपर, पोस्टर कलर, ऑइल, कॅनव्हास, माउंटबोर्ड, कटर, चारकोल, फिक्सेटिव्ह, प्रिंटआउट. सबमिशनच्या महिन्यात तर एटीएमकडे बघवत नाही.

काही शहाणपण: सुरुवातीला सगळं विकत घेऊ नका, सिनिअर पास होऊन निघाले की ड्रॉइंग बोर्ड, टी स्क्वेअर, इझल अर्ध्या किमतीत देतात. स्टुडंट क्वालिटीचे रंग फाउंडेशनला भरपूर झाले. ब्रशमध्ये मात्र कंजूषपणा करू नका, तीन चांगले ब्रश बारा केस गळणाऱ्या ब्रशांपेक्षा स्वस्त पडतात. रफ कामाला मोठा कागद हवा असेल तर प्रिंटिंग प्रेसवाल्याकडे कटिंगचे उरलेले तुकडे किलोवर मिळतात.

आणि महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, फॉर्म भरा, प्लीज. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कला संचालनालयाच्या कोर्सेसनाही आहे, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, आणि हॉस्टेलवर राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, आधार लिंक असलेलं बँक खातं हे जूनमध्येच तयार ठेवा, शेवटच्या दिवशी साइट रडते.

आयपॅड घेऊ की ग्राफिक टॅब्लेट? लॅपटॉप कोणता?

फाउंडेशनला काहीच नको. बाबांना आत्ताच खड्ड्यात घालू नका. अप्लाइडला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लागेल तेव्हा साधा पेन टॅब्लेट आणि बरा रॅम असलेला सेकंडहँड लॅपटॉप पुरतो.

एआय आल्यावर याला काही अर्थ उरलाय का?

हा प्रश्न आता रोज येतो. पाच मिनिटांत हवं असलेलं, कुणाच्या लक्षात न राहणारं जे काम होतं, सोशल मीडियाच्या सणाच्या शुभेच्छा वगैरे, ते गेलंच जवळपास, खोटं कशाला बोलू. पण मशीनने दिलेल्या वीस चित्रांतलं कुठलं बरोबर आणि हात कुठे चुकलाय, सावली कुठून खोटी पडलीये, हे सांगायला बघता येणारा माणूस लागतो, म्हणजे परत तीच बादली.

शिवाय देवनागरी. मशीनला मराठी पोस्टर करायला सांगा, जोडाक्षरं कशी गंडतात बघा. लेटरिंगच्या तासाला बोरूने क, त, र गिरवताना मुलं कंटाळतात पण आपल्या अक्षरांत काम करणारी माणसं कमी आहेत आणि काम खूप आहे. विंडोजवरचा मंगल फॉण्ट र. कृ. जोशींचा, कोल्हापूरचा माणूस, जेजेत अप्लाइड शिकलेला, पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवलं. मुंबईतल्या 'एक टाइप' या फॉण्ट बनवणाऱ्या स्टुडिओचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉण्ट तुम्ही रोज कुठे ना कुठे वाचता, नाव माहीत नसलं तरी. ज्याला शिरोरेषा आणि वेलांटी यांचं वजन सांभाळता येतं त्याला मी तरी रिकामं बसलेलं बघितलं नाहीये.

शिकता शिकता कमाई होते का?

होते, सीझनप्रमाणे. शिल्पवाली मुलं गणपतीआधी पेणच्या नाहीतर गावातल्याच कारखान्यात शाडूवर आणि आखणीवर काम करतात, डोळ्यांची आखणी चांगली जमली तर मालक पुढच्या वर्षी स्वतः फोन करतो. नवरात्रात मंडळांचे देखावे. दिवाळी अंकांत आतली चित्रं आणि मुखपृष्ठं. ही परंपरा मोठी आहे, मडगावचे दीनानाथ दलाल जेजेतच शिकलेले आणि त्यांच्या मुखपृष्ठांवर मराठी घरं वाढलीत. अंकवाले पैसे उशिरा देतात आणि कमी देतात, तरी छापलेलं काम पोर्टफोलिओत वेगळंच दिसतं. फुकट लोगो मात्र कुणालाच करून देऊ नका, मामाच्या मित्रालाही नाही.

एटीडी करून शाळेत नोकरी लागते का?

अनुदानित शाळांत कला शिक्षकाच्या जागा कमी निघतात आणि रांग मोठी आहे. खासगी इंग्लिश मिडीयमच्या शाळांत लवकर घेतात, पगार कमी, आणि ड्रॉइंगसोबत गॅदरिंगचं नेपथ्य, फलकलेखन, विज्ञान प्रदर्शनाचे चार्ट सगळं तुमच्याच गळ्यात. मुलांत रमणाऱ्यांनी जरूर करावं. संध्याकाळी ग्रेड परीक्षेचे क्लास घेऊन घर चालवणारे कितीतरी शिक्षक आहेत, छोट्या गावांत तर तेच एकमेव आर्ट स्कूल असतं.

आई-बाबा नाही म्हणतायत.

त्यांना "माझं पॅशन आहे" हे वाक्य ऐकवू नकोस, त्याने आजवर कुणाचे बाबा विरघळलेले नाहीत. त्यांना कॉलेजात घेऊन जा. पास झालेल्या तीन-चार मुलांशी बोलायला लाव, आत्ता काय करतात, किती मिळतं, खरं खरं. आणि तुझी स्केचबुकं टेबलावर ठेव, भरलेली, एक नाही पाच-सहा.

आणि बाबा वाचत असतील तर: काका, मुलगा इंजिनिअरिंगला घातला आणि दुसऱ्या वर्षी सोडून इकडे आला, अशी मुलं प्रत्येक बॅचला असतात. दोन वर्षं आणि तिथली फी वाया जाण्यापेक्षा आत्ता एकदा दुपारी दोनला कॉलेजात चक्कर मारा.

थिअरी असते का? मराठीत लिहिलं तर चालतं का?

असते. कलेचा इतिहास, सौंदर्यशास्त्र, अप्लाइडला जाहिरात कला. मराठीत लिहिणारी मुलं भरपूर आहेत. इतिहास पाठ करू नका, बघून या. वेरूळ-अजिंठ्याची स्टडी टूर असते तेव्हा बसमध्ये अंताक्षरी खेळा हवी तर पण लेणीत मोबाईल आत ठेवून स्केच करा. १८७२ ते १८८५ जेजेत शिकवणाऱ्या ग्रिफिथ्स साहेबांबरोबर तिथली मुलं अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या नकला करत होती, डास, उकाडा, अंधार सगळं सोसून. त्यातल्या बऱ्याच नकला पुढे इंग्लंडात आगीत जळाल्या. परीक्षेत ही टीप आली तर लिहा, मार्क माझे.

सबमिशनच्या आधी झोप मिळते का?

नाही. पण ती तुमच्यामुळे, कोर्समुळे नाही. रोज एक शीट पूर्ण करणारी मुलं मार्चमध्ये फक्त माउंटिंग करत असतात आणि बाकीचा वर्ग त्यांच्याकडे फेविकॉल मागत फिरतो. आणि एक, कामं घरी नेताना ट्यूबमध्ये गुंडाळून न्या, पावसाळ्यात दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या घाला, पोस्टर कलरवर एक थेंब पडला तरी शीट परत करायला लागते.